चार मजली दुकान आणि न पोहोचणारी हाक

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत कापडाची दुकाने किती बदलली हे आमच्या व्यापारी बांधवांना नव्याने सांगायला नको. पूर्वी गादीवर बसल्या जागेवरून मालक हाक मारायचा, "अरे, तो मालेगावचा तागा काढ," आणि मागच्या खोलीतून तागा यायचा. आता तळघरात चादरी आणि पडदे, खाली साड्या, पहिल्या मजल्यावर ड्रेस मटेरियल, दुसऱ्यावर मुलांचे कपडे आणि सर्वात वर गोदाम व फॉल-पिकोची मशीन. बाहेरून चकचकीत ॲल्युमिनियमचे पत्रे, आत संगमरवर, लिफ्ट, एसी. सगळे झाले. परंतु खालच्या काउंटरवरून वरच्या गोदामाला "हाच रंग सहा वारांत आहे का?" एवढे विचारायचे असेल तर काय करतात? पोऱ्याला पळवतात. तो जिना चढून जातो, वरचा माणूस जेवायला गेलेला असतो, पोऱ्या परत येतो, आणि तोवर देगलूरहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब समोरच्या दुकानात जाऊन बसलेले असते.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग ही अडचण कसली? आम्हीही पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत असेच म्हणत होतो. आमच्या म्हणण्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक अशी की, मोबाइलची रेंज बाहेरच्या टॉवरवरून येते आणि आपण दुकानाला जे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि धातूचा मुलामा दिलेली काच लावली, ती नेमकी त्याच रेंजच्या आडवी येते. धातू रेडिओच्या लहरी आत जाऊ देत नाही, परत फिरवतो. तळघराचे तर विचारूच नका. चादरींच्या विभागातला मुलगा फोन उचलत नाही म्हणून आम्ही त्याला दोनदा रागावलो होतो. नंतर एकदा स्वतःच खाली जाऊन उभे राहिलो, तर आमच्याही फोनवर एक दांडी नव्हती.

दुसरी चूक व्यापाराची होती आणि ती जास्त महाग पडली. मोबाइल हा पोऱ्याचा असतो, दुकानाचा नसतो. धर्माबाद-बिलोलीकडचे गिऱ्हाईक, निजामाबाद-आदिलाबादची पार्टी, सगळे हळूहळू सेल्समनच्या नंबरवर बोलू लागतात. सेल्समन दुकान सोडून गेला की गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर जाते. त्याला आम्ही दोष देत नाही. नंबर त्याचा, रिचार्ज त्याचा. दुकानाचा एकच नंबर आणि प्रत्येक मजल्यावर त्याचा हँडसेट, असे असते तर गिऱ्हाईक दुकानाच्या नावावर राहिले असते.

म्हणून आम्ही इमारतीत कॉर्डलेस फोन बसवायचे ठरवले. इथे आमची जी फजिती झाली, तीच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

दुकानाचे काम पूर्ण झाले होते, माल भरायचा होता. एका विक्रेत्याने येऊन रिकाम्या इमारतीत फेरी मारली. प्रत्येक मजल्यावर "हॅलो, हॅलो" करून पाहिले. आवाज घंटेसारखा स्वच्छ. त्याने घरगुती पद्धतीचे चार वेगवेगळे सेट दिले, भिंतीच्या कोपऱ्यात खिळे ठोकले, बिल दिले आणि गेला. आम्हीही खुश होतो. पंधरा दिवसांनी रॅक आले, माल भरला, ट्रायल रूमला आरसे लागले, आणि दोन मजल्यांवरचा आवाज तुटू लागला. त्यातही मोठी मौज अशी की खालच्या मजल्यावर बोलत बोलत जिना चढले की मधल्या वळणावर फोन बंद. विक्रेत्याला बोलावले तर तो म्हणाला, माझ्या वेळी चालत होते. त्याचेही खोटे नव्हते.

(मौज या शब्दावरून आठवले. आमची शाळा उर्दू माध्यमाची. विज्ञानाच्या पुस्तकात लहरीला मौज म्हटलेले असे. मराठीत मौज म्हणजे गंमत. आमच्या फोनच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरले.)

मग आम्ही या विषयाच्या मागे लागलो. संभाजीनगर आणि हैदराबादच्या जाणकारांना विचारले, कंपन्यांची माहितीपुस्तके आमच्या भाच्याकडून समजून घेतली. त्याचे सार व्यापाऱ्याला कळेल अशा शब्दांत देतो.

आज इमारतींत जे चांगले कॉर्डलेस वापरतात ते डेक्ट नावाच्या पद्धतीचे असतात. हे मानक युरोपात तयार झाले, १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर पसरले. आपल्या देशाचाही यात वाटा आहे. मद्रासच्या आयआयटीतील प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याच पद्धतीवर कॉरडेक्ट ही यंत्रणा उभी केली. जिथे तांब्याची तार टाकणे परवडत नव्हते तिथे घराघरात फोन पोहोचवण्यासाठी ती होती. ज्यांनी एका टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली त्यांना त्याचे मोल कळेल.

डेक्टचा बेस १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. या पट्ट्याचे दहा भाग केलेले असतात. वेळेचेही तुकडे असतात. एका सेकंदाच्या शंभराव्या भागात चोवीस तुकडे, त्यातले बारा जाण्याचे आणि बारा येण्याचे. म्हणजे एका बेसवर जास्तीत जास्त बारा बोलणी एका वेळी होऊ शकतात. बाजारात मिळणारे बरेच बेस त्याहून कमीच पेलतात. उघड्या मैदानात याचा पल्ला तीनशे मीटरपर्यंत जातो, इमारतीत मात्र वीस ते पन्नास मीटर. आमच्या कापडाच्या दुकानात पन्नास विसराच, वीसच धरा.

याचे कारण आपल्या मालात आणि आपल्या बांधकामात आहे. विटांची भिंत थोडीफार ताकद खाते. सळयांचा जाड स्लॅब पंधरा-वीस डेसिबल खाऊ शकतो. डेसिबलचा हिशेब व्याजासारखा फसवा आहे. दहा गेले म्हणजे ताकद एक दशांश उरली, वीस गेले म्हणजे शंभरावा हिस्सा. कोरडे सुती कापड लहरींना फारसे अडवत नाही, अडवतो तो लोखंडी रॅक. आरशाच्या मागे धातूचा मुलामा असतो, म्हणून चारी बाजूंनी आरसे लावलेली ट्रायल रूम जवळजवळ पेटीच होते. जरीतही धातू आहे. एका साडीने काही बिघडत नाही, पण छतापर्यंत लावलेल्या जरीच्या थप्पीमागे उभे राहून बोलून पाहा. आणि माणूस! माणसाच्या अंगात पाणी असते, ते लहरी शोषते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुकान खचाखच भरते, तेव्हा जो फोन आषाढात चालत होता तो अडखळतो. म्हणजे ज्या दिवशी फोनची सर्वात जास्त गरज, त्याच दिवशी त्याची परीक्षा सर्वात कठीण.

आता जिन्यावर फोन का तुटला ते सांगतो. घरगुती चार सेट म्हणजे चार वेगळी दुकाने. एकाचा हँडसेट दुसऱ्याच्या बेसला ओळखत नाही. मोठ्या इमारतीसाठी अनेक बेस एकाच यंत्रणेत जोडलेले असावे लागतात. तेव्हाच माणूस चालता चालता एका बेसकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. त्यासाठी बेसची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावी लागतात. बहुतेक यंत्रणांत ती हवेतूनच जुळतात, म्हणून प्रत्येक बेसला शेजारच्या निदान एका बेसचा आवाज चांगला ऐकू आला पाहिजे. ही साखळी आहे. मधली एक कडी आजारी पडली की तिच्या पुढचे सगळे बहिरे होतात. यासाठी मुख्य बेस इमारतीच्या टोकाला ठेवत नाहीत, मध्यावर ठेवतात, आणि शक्य तर जिन्याच्या पोकळीजवळ. जिना ही स्लॅब नसलेली एकमेव उभी वाट. तिथून आवाज मजल्यामजल्याला उतरतो. काही जण पैसे वाचवायला बेसऐवजी रिपीटर लावतात. तो आवाज पुढे ढकलतो खरा, पण एका वेळी थोडक्याच बोलण्यांचे ओझे उचलतो. शिलाईच्या खोलीसाठी ठीक, काउंटरसाठी नाही.

जागा ठरवण्याची रीत अगदी साधी आहे, आणि तिथेच लोक कंटाळा करतात. एक बेस बॅटरीवर, काठीला बांधून छताजवळ धरायचा. हँडसेटमध्ये मोजणीची सोय असते, ती चालू करून मजलाभर फिरायचे आणि नकाशावर आकडे लिहायचे. आकडे उणे असतात. उणे साठच्या आत असेल तर उत्तम, उणे सत्तरच्या पलीकडे गेले की भरवसा धरू नये. दारे बंद करून फिरायचे, रॅकच्या मागे, ट्रायल रूममध्ये, गल्ल्याखाली वाकून, मोरीत, सगळीकडे. नुसते "हॅलो" म्हणून चालत नाही. "हॅलो" हा शब्द कुठेही ऐकू येतो.

परंतु पेच असा आहे. मोजणी माल भरल्यावरच खरी ठरते आणि तारेचे पाइप मात्र स्लॅब पडण्यापूर्वीच टाकावे लागतात. आम्ही हा पेच उलटा सोडवला, आधी यंत्रे लावली आणि नंतर नवे पीओपीचे छत फोडून तारा नेल्या. छत फोडणे आणि जोडणे यात जेवढा पैसा गेला, तेवढ्यात दोन जादा बेस आले असते. आमचे मत आता पक्के आहे. पाइप सर्वात आधी, बेस सर्वात शेवटी. स्लॅबच्या वेळी प्रत्येक मजल्यावर एकाऐवजी तीन ठिकाणी पाइप सोडावेत, मध्यावर, मागे आणि जिन्यापाशी. ते सगळे एका खोलीत आणावेत. नेटवर्कची तार शंभर मीटरपेक्षा लांब नेता येत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. माल भरल्यावर मोजणी करावी आणि तीनपैकी ज्या ठिकाणी खरी गरज असेल तिथेच बेस लटकवावा. उरलेला पाइप रिकामा राहिला तर नुकसान किती? कॅमेऱ्यासाठी आपण असे पाइप टाकतोच. चोर दिसावा म्हणून जेवढी काळजी घेतो, तेवढी नोकराचा आवाज ऐकू यावा म्हणून घेत नाही.

लातूरचे उदाहरण वेगळे आहे. आमचे साडू तिथे कापडाचाच धंदा करतात. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली गंजगोलाई आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तिथल्या दुकानांची ठेवण माहीत आहे. पुढे दुकान, मागे जुने घर आणि गोदाम दुसऱ्याच गल्लीत. साडूंच्या जुन्या घराची दगडी भिंत हात-दीड हात जाड आहे. मागच्या अंगाला नवीन सळयांचे बांधकाम आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर त्या भागात ज्याला जमले त्याने सळयांचे बांधकाम केले, आणि ते योग्यच केले. पण त्यामुळे एकाच आवारात दोन जातीच्या भिंती झाल्या. साडूंनी आमच्या फजितीवरून शहाणपण घेतले. आम्ही दोघे सबंध दोन दिवस हँडसेट घेऊन फिरलो. दगडी भिंतीने आवाज जवळजवळ गिळला, तेव्हा भिंतीतून जाण्याचा हट्ट सोडून एक बेस अंगणाच्या छपरीत लावला. तिथून दाराखिडक्यांतून तो दोन्हीकडे पोहोचला. तीन बेसमध्ये काम झाले. विक्रेत्याने कागदावर सहा लिहून दिले होते.

इथे दोन इशारे देणे जरूर आहे. रेंज येत नाही म्हणून काही दुकानदार मोबाइलचे बूस्टर ऑनलाइन मागवून गच्चीवर लावतात. हे बेकायदेशीर आहे. असा बूस्टर लावण्याचा अधिकार परवानाधारक मोबाइल कंपनीलाच आहे, आणि दूरसंचार खाते अशी यंत्रे जप्त करते. आपल्या बूस्टरमुळे साऱ्या मोहल्ल्याचे नेटवर्क खराब होते, हे त्याहून वाईट. दुसरे, अमेरिकेतला नातलग प्रेमाने कॉर्डलेस फोन आणतो. तिथले सेट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइलचा आहे. ती भेट कपाटात ठेवावी, लावू नये. इथे विकल्या जाणाऱ्या कॉर्डलेस फोनला ऑक्टोबर २०१९ पासून दूरसंचार खात्याच्या टीईसी या संस्थेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. ते बघून घ्यावे आणि पक्के बिल मागावे.

विजेचा विचारही कोणी करत नाही. जुना तारेचा फोन लाइट गेली तरी चालायचा. एक्स्चेंजमधून त्याला वीज यायची. कॉर्डलेसचा बेस लाइट गेली की मेला, आणि फायबरचा जो डबा आपण दुकानात घेतला आहे, ज्याच्या मागे फोनची तार लावायची जागा असते, तोही मेला. दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. मोठ्या यंत्रणेत बेसला वीज नेटवर्कच्या तारेतूनच देता येते, तेव्हा ज्या एका खोलीत सगळ्या तारा येतात तेवढी खोली इन्व्हर्टरवर घेतली की पुरे. आमच्याकडे एका मे महिन्यात लाइट गेली आणि एक मुलगा मालाच्या लिफ्टमध्ये तळघर आणि तळमजल्याच्या मध्ये अडकला. त्याच्या एका खिशात मोबाइल, दुसऱ्या खिशात आमचा महागडा हँडसेट. लोखंडाच्या त्या पेटीतून दोन्ही मुके. तो पत्रा बडवत होता, ते वरच्या शिंप्याला ऐकू आले. पंचवीस-एक मिनिटे उन्हाळ्यात तो आत होता. बाहेर आल्यावर तो काही बोलला नाही, पाणी पिऊन परत कामाला लागला. आम्हाला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कॉर्डलेस सर्व ठिकाणी चालतो या भ्रमात राहू नका. लिफ्टमध्ये तारेचाच फोन लागतो, आणि तो आम्ही दुसऱ्याच आठवड्यात बसवला.

हे फक्त कापडवाल्यांचे काम नाही. नांदेडच्या डॉक्टर्स लेनमधली रुग्णालये, लातूरच्या क्लासेसची आणि वसतिगृहांची चार-पाच मजली इमारत, सगळीकडे हाच प्रश्न आहे. रुग्णालयात एक्स-रेच्या खोलीला शिशाचा पत्रा असतो, तिथून नर्सला हाक कशी द्यायची हे इमारत बांधतानाच ठरवले पाहिजे.

आमची व्यापारी संघटनांना एक सूचना आहे. मोजणीचा एक संच, म्हणजे काठी, बॅटरीवरचा बेस आणि दोन हँडसेट, नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्यांनी मिळून घ्यावा. आयटीआय आणि डिप्लोमा झालेली आपली किती मुले देगलूर नाक्यावर मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्यांत बसली आहेत. त्यांना ही मोजणी शिकायला आठवडा पुरतो. मग बाहेरच्या विक्रेत्याने सहा लिहिले की तीन, हे आपल्याच गावातला कोणी तपासून सांगेल. आणि सौदा करताना रकमेचा चौथा हिस्सा मागे ठेवावा. तो रमजान ईद किंवा दिवाळी, जो सीझन आधी येईल तो पार पडल्यावर, गर्दीत एकदा सगळ्या मजल्यांवर फिरून मगच द्यावा. विक्रेता नाराज होतो. आमच्यावरही झाला. पण दुसऱ्या वेळेस तो स्वतःच गर्दीच्या दिवशी येऊन उभा राहिला आणि एका बेसची जागा दोन हात सरकवून गेला.

आमच्या मुनीमजींचे गुडघे दुखतात. वडिलांच्या वेळेपासून ते दुकानात आहेत. चार वर्षे ते उधारीची वही घेऊन दिवसातून वीस वेळा जिना चढत होते, आणि आम्ही खाली बसून नव्या झुंबराच्या किमतीची घासाघीस करत होतो. आता ते दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसतात, हँडसेट टेबलावर असतो. पहिल्या दिवशी त्यांनी खाली फोन करून काम काहीच सांगितले नाही, नुसते विचारले, "सेठ, आवाज येतो का?"

साडूंच्या नव्या इमारतीचा पहिला स्लॅब या महिन्यात पडतो आहे. तीन-तीन पाइप बांधून झाले आहेत. मिस्त्रीने विचारले, हे कशाचे? साडू म्हणाले, बोलण्याचे.